नीरा, वाल आणि बटाटा: डॉ. कमला सोहोनी यांची गोष्ट

मंडळी, आपल्या भागात राहणाऱ्या कोणालाही शिंदीच्या झाडाची ओळख करून द्यावी लागत नाही. झाडाच्या माथ्याशी बांधलेली मडकी आणि कमरेला दोर अडकवून सरसर वर चढणारा गौड आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. तेलुगू शेजाऱ्यांची ती ‘कल्लू’, आपली ताडी. बऱ्याच मराठी घरांत हा शब्द आजही जरा हळू आवाजातच उच्चारला जातो, निदान पोरांसमोर तरी. पण दिवस उगवण्याआधी त्याच मडक्यात जो रस असतो तो ताडी नसतो. ती नीरा असते. गोड, नितळ, नशा न आणणारी. सकाळची नीरा दुपारी ताडी होते. झाड तेच, मडके तेच. मग मधल्या चार-पाच तासांत त्या मडक्यात होते तरी काय?

हा प्रश्न हाती घेऊन मुंबईच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम करणारी एक मराठी बाई होऊन गेली. डॉ. कमला सोहोनी. माहेरच्या कमला भागवत, म्हणजे आपल्या दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. दुर्गाबाईंचे नाव मराठी वाचणाऱ्या घरात माहीत नाही असे होत नाही. कमलाबाईंचे नाव मात्र आम्ही मंडळाच्या चार घरांत सहज विचारून पाहिले तेव्हा फक्त एका निवृत्त शिक्षकांना आठवले, आणि तेही दुर्गाबाईंची बहीण म्हणूनच. म्हणून या वेळी त्यांच्याविषयी लिहायचे ठरवले.

कमलाबाईंचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरला जमशेटजी टाटांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या विज्ञान संस्थेत, जिला लोक त्या वेळी टाटा इन्स्टिट्यूट म्हणत, अगदी सुरुवातीच्या काळात शिकलेल्या विद्यार्थ्यांपैकी हे दोघे भाऊ. तेव्हा घरात रसायनशास्त्र होतेच. थोरली दुर्गा संस्कृत, लोककथा, बौद्ध वाङ्मय अशा वाटेने गेली आणि धाकटी कमला वडिलांच्या वाटेने. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी तिने घेतली. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र. गुण उत्तम होते. त्यामुळे पुढच्या शिक्षणासाठी वडील-काकांच्याच संस्थेत जायचे यात तिला काही विशेष वाटले नाही. अर्ज पाठवला.

अर्ज नामंजूर झाला. गुणांचे कारण नव्हते, जागा नाही असेही नव्हते. अर्जदार मुलगी होती, एवढेच.

संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. तीनच वर्षांपूर्वी, १९३० साली, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. पारतंत्र्यातल्या देशाला त्यांचा केवढा अभिमान वाटत असेल याची आज कल्पनाच करावी. वडिलांनी आणि काकांनी त्यांना विनवून पाहिले. उपयोग झाला नाही. शेवटी बावीस वर्षांची कमला स्वतः बंगळूरला गेली आणि रामन यांच्यासमोर उभी राहून तिने नकाराचे कारण विचारले. प्रवेश मिळेपर्यंत तुमच्या दाराशी सत्याग्रह करीन, असे तिने सांगून टाकले. गांधीजींचा काळ होता. हा शब्द तेव्हा नुसता शब्द नव्हता, आणि समोरच्यालाही ते ठाऊक होते.

रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्षभर तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावे लागणार होते. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतल्या वातावरणात बिघाड होता कामा नये, म्हणजे तिथल्या पुरुषांचे लक्ष विचलित होता कामा नये, ही तिसरी अट. वर्षअखेर काम पाहून पुढचे ठरणार होते. तिने अटी मान्य केल्या. मान्य केल्या म्हणजे पटल्या असे नव्हे. हा अपमान कमलाबाई आयुष्यभर विसरल्या नाहीत. साठ-पासष्ट वर्षांनी, १९९७ साली, स्त्री-शास्त्रज्ञांच्या एका समारंभात त्यांनी तो भरसभेत बोलून दाखवला. रामन मोठे शास्त्रज्ञ होते हे त्यांनी नाकारले नाही, पण या बाबतीत त्यांचे मन कोते होते हेही त्यांनी लपवले नाही.

आम्हाला वाटते, हे दोन्ही एकाच श्वासात सांगणे सोपे नसते. मोठ्या माणसाची चूक सांगायची म्हटली की आपल्याकडे एकतर सगळा माणूसच खोटा ठरवतात, नाहीतर चुकीवर पांघरूण घालतात.

बंगळूरला त्यांना श्रीनिवासय्या हे गुरू लाभले. शिस्तीचे कडक, पण शिकवण्यात हात न राखणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि शेंगा यांतल्या प्रथिनांवर काम केले. विषय कोणता निवडला ते पाहा. देशातली बहुतेक माणसे मांस-अंडी रोज खाऊ शकत नाहीत. त्यांचे प्रथिन येते ते वरणातून, उसळीतून आणि मिळालेच तर दुधातून. ते प्रथिन किती, कसे, आणि अंगी किती लागते, हा प्रश्न तेव्हा प्रयोगशाळेत फारसा कोणी विचारत नव्हते. वर्षभरात रामन यांना मुलीच्या कामाबद्दल शंका उरली नाही. कमलाबाई नियमित विद्यार्थिनी झाल्या, १९३६ साली त्यांनी एम.एस्सी. विशेष गुणवत्तेने मिळवली, आणि त्यानंतर संस्थेने मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. मागून गेलेल्या मुलींना दाराशी उभे राहून सत्याग्रह करावा लागला नाही.

१९३७ साली शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई केंब्रिजला गेल्या. जीवरसायनशास्त्राची तिथली प्रयोगशाळा त्या काळी जगात नावाजलेली होती. तिचे प्रमुख सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स, जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चे नोबेल मिळवलेले. प्रयोगशाळा इतकी भरलेली की नव्या माणसाला जागा नव्हती. डॉ. डेरेक रिक्टर यांनी आपल्याकडचे एक टेबल तिला देऊ केले. ते पुढे दुसरीकडे गेल्यावर कमलाबाई डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींवर काम करू लागल्या. त्यांच्या टेबलावर होता बटाटा.

इथे थोडे थांबून शास्त्राचे बोलू, कारण त्याशिवाय या बाईंचे मोठेपण कळणार नाही. घाबरू नका, भाकरीपासून सुरू करतो.

ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घेऊन सावकाश चावत राहिले की थोड्या वेळाने तो गोड लागू लागतो. भाकरीत साखर घातलेली नसते. ज्वारीत असतो स्टार्च, म्हणजे ग्लुकोज या साध्या साखरेचे शेकडो-हजारो मणी एकापुढे एक ओवलेली माळ. माळ म्हणून तिला चव नसते. आपल्या लाळेत एक पदार्थ असतो जो ही माळ तोडतो. तुटलेले लहान तुकडे जिभेला गोड लागतात. हा तोडणारा पदार्थ म्हणजे एन्झाइम. मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला विकर म्हणतात. विकर स्वतः प्रथिन असते. ते काम घडवून आणते आणि स्वतः खर्ची पडत नाही, त्यामुळे चिमूटभर विकर ढीगभर काम करते. एका विकराचे काम साधारण एकच. स्टार्च तोडणारे प्रथिनाला हात लावत नाही, आणि प्रथिन तोडणारे साखरेकडे बघत नाही. कुलूप-किल्लीसारखे. आणि ते नाजूकही असते. उकळले की किल्लीचा आकार बिघडतो आणि ती कुलपात फिरत नाही. विरजण उकळत्या दुधात घालू नये हे आपल्या आज्यांना माहीत होते ते वेगळ्या कारणाने, तिथे जिवंत जंतू मरतात. पण उष्णतेने मोडण्याची जात तीच.

पोटातून रक्तात गेलेली साखर पेशीत पोचली की तिचे काय होते? ती जळते. चुलीतल्या लाकडासारखी भडका होऊन नव्हे, पायरीपायरीने, थंडपणे, जेणेकरून निघालेली ऊर्जा पेशीला वापरता यावी. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे दिले जातात आणि शेवटी आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनपर्यंत पोचतात. ही जी हातोहात देणारी रांग आहे, तिच्यात सायटोक्रोम नावाची लोहयुक्त प्रथिने उभी असतात. त्यांतले एक म्हणजे सायटोक्रोम सी. कमलाबाईंच्या चरित्रांत त्याला सरसकट एन्झाइम म्हटलेले आढळते. नेमके बोलायचे तर ते विकरांच्या साखळीतला हमाल आहे, एकाकडून माल घेऊन दुसऱ्याकडे देणारा.

प्राण्यांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये सायटोक्रोमचे काम केंब्रिजमध्येच आधी अभ्यासले गेले होते. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करून दाखवले की वनस्पतीच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते आणि तिथल्या श्वसनात, ऑक्सिडीकरणात त्याचा वाटा असतो. म्हणजे पोत्यात मुकाट पडून राहिलेला बटाटासुद्धा श्वास घेत असतो, आणि साखर जाळण्याची त्याची तऱ्हा आणि तुमची-आमची तऱ्हा मुळात एकच आहे. (कापलेला बटाटा काळा पडतो, तेही विकराचेच काम, पण ते दुसरे विकर. मुलांनी दोन्हींची गल्लत करू नये.)

या कामाचा प्रबंध त्यांनी केंब्रिजला गेल्यापासून चौदा महिन्यांत पुरा केला. टंकलिखित पाने चाळीस. आजकाल चारशे पानांचे प्रबंध बांधून घेणाऱ्यांनी त्या चाळीस पानांकडे एकदा पाहावे असे आम्हाला उगाच वाटून गेले. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख पुष्कळ ठिकाणी होतो. तो जपून करावा, कारण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ मध्येच मिळाली होती. केंब्रिजपुरते म्हणायचे तर कमलाबाई पहिल्या. दोघींपैकी कोणाचे काहीच त्यामुळे कमी होत नाही.

तिकडेच राहून संशोधन करण्यासारखी त्यांची योग्यता होती, पण १९३९ सालीच त्या परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या नव्या विभागाच्या प्रमुख झाल्या. पुढे निलगिरीत कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून काम केले. १९४७ साली विमागणिताचे तज्ज्ञ असलेल्या मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झाले आणि कमलाबाई मुंबईला आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा विभाग निघाला होता, तिथे त्या प्राध्यापक झाल्या. पुढची वीसेक वर्षे त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन जे काम केले ते आमच्या मते त्यांच्या केंब्रिजच्या कामापेक्षा आपल्याला जवळचे आहे.

त्यातले एक वालावरचे. वाल म्हणजे आपल्याकडच्या बाजारात ‘चिक्कुडू’ म्हणून शेंगा मिळतात त्यांचाच दाणा. कडवे वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि मग नीट शिजवून बिरडे करायचे ही कोकणातली रीत. एवढा खटाटोप का? आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे विकर आतड्यात येते आणि ते प्रथिने तोडते. कच्च्या वालात, डबल बीमध्ये आणि इतर काही कडधान्यांत असा एक पदार्थ असतो जो या ट्रिप्सिनला अडवून धरतो. विकराला अडवणारा हा रोधक. बियांना किड्यामुंग्यांपासून स्वतःला वाचवायचे असते, म्हणून निसर्गाने त्यांना हे हत्यार दिले असावे असे मानतात. पण माणसाने ते कच्चे खाल्ले तर दाण्यात प्रथिन भरपूर असूनही अंगी लागत नाही. कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय अन्नधान्यांतले हे रोधक तपासले, आणि वाल व डबल बी यांतले रोधक शुद्ध स्फटिकरूपात वेगळे काढले. १९५५ साली ‘नेचर’ या लंडनच्या नियतकालिकात ते काम छापून आले. मुंबईच्या प्रयोगशाळेतून वालाचा दाणा थेट ‘नेचर’मध्ये गेला.

रोधकही प्रथिनच असल्यामुळे नीट शिजवल्यावर बराचसा मोडतो. त्यामुळे डाळ-उसळ शिजवताना सरपण किंवा गॅस वाचवायला दाणा अर्धाकच्चा ठेवणे म्हणजे विकत आणलेले प्रथिन सोडून देणे. कुकरच्या एका शिट्टीची ही किंमत असते.

आता नीरेकडे येऊ. हे काम कमलाबाईंनी हाती घेतले ते राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सुचवण्यावरून. स्वातंत्र्यानंतर ठिकठिकाणी दारूबंदीचे वारे वाहत होते. ताडीवर पोट असलेल्या लोकांनी मग करायचे काय? झाडे तोडायची? गांधीजींच्या विचाराच्या लोकांचे म्हणणे होते की झाडातून ताडी काढण्याऐवजी नीरा काढा, गूळ करा. पण नीरेत खरोखर सत्त्व किती आहे, की ती नुसती साखर आणि पाणी, हे कोणीतरी मोजून सांगायला हवे होते.

मडक्यातली गोष्ट अशी आहे. झाडातून ठिबकणाऱ्या ताज्या नीरेत दर शंभर भागांत साधारण दहा-बारा भाग साखर असते, आणि ती बहुतेक आपली ओळखीची साखर, म्हणजे सुक्रोज, उसातली तीच. सुक्रोज म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या साखरांची जोडी. हवेतून, किड्यांच्या पायांवरून, आदल्या दिवशीच्या न धुतलेल्या मडक्यातून यीस्टच्या सूक्ष्म पेशी रसात पडतात. यीस्टजवळ इन्व्हर्टेज नावाचे विकर असते, ते ही जोडी फोडते. मग सुट्या झालेल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजवर यीस्टची दुसरी विकरे लागतात आणि त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. फेस दिसतो तो या वायूचा. बरोबरीने दुसरे जंतू आम्ल तयार करतात आणि रस आंबट होत जातो. रात्रीच्या गारव्यात हे सारे हळू चालते. ऊन वर आले की वेग वाढतो. म्हणून सूर्य उगवण्याआधी उतरवलेली ती नीरा, आणि उशिरा उतरवलेली ती ताडी. मडके आतून चुन्याने सारवले की रस अल्कधर्मी राहतो, यीस्टला ते मानवत नाही, आणि नीरा जास्त वेळ टिकते. ज्या गौडाने कधी शाळा पाहिली नाही त्यालाही चुन्याचे हे काम ठाऊक असते. यीस्टचे नाव त्याला माहीत नसते, इतकेच.

कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ताज्या नीरेचे पृथक्करण केले. तिच्यात जीवनसत्त्व अ आणि क, आणि लोह, लक्षात घेण्याजोग्या प्रमाणात मिळाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नीरा आटवून केलेल्या ताडगुळातही त्यांपैकी बरेच टिकून राहते असे दिसले. एरवी क जीवनसत्त्व उष्णतेने चटकन नाहीसे होते, आवळा शिजवला की त्यातला मोठा भाग जातो, त्यामुळे ही गोष्ट कोणी गृहीत धरलेली नव्हती. पुढच्या अभ्यासांत कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना आहाराबरोबर नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे आढळले. या कामासाठी कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

उटनूरला बसून हे वाचताना आपण जरा सावरून बसतो. गोंड, कोलाम, परधान, आंध यांच्या गावांच्या मधोमध आपण राहतो. पंडुरोग म्हणजे रक्तातले लोह कमी होणे हे इथल्या दवाखान्यात जाणाऱ्या कोणालाही परके नाही, आपल्या मराठी घरांतल्या बायकांनाही नाही. आणि जंगलात, बांधावर गोडवा उभा आहे. शिंदी आहे, मोह आहे. मोहाचे फूल सुकले की त्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग साखरच असते. ते आंबवले की दारू होते, आणि न आंबवता भाजून, कुटून केले की लाडू होतो. उटनूरात आदिवासी महिलांची सहकारी संस्था मोहाचे लाडू करते, ते आपल्यापैकी अनेकांनी खाल्ले असतील. नसतील तर खाऊन पाहावेत. आम्हाला आवडले. हैदराबादला हुसेनसागराच्या काठावर २०२३ साली सरकारी नीरा कॅफे सुरू झाले. एकच रस दोन वाटांनी जातो, आणि तो कोणत्या वाटेने जाईल हे वेळेवर, मडक्याच्या स्वच्छतेवर आणि चिमूटभर चुन्यावर ठरते.

इथे दुर्गाबाईंची आठवण निघतेच. धाकटी बहीण आदिवासींच्या मुलांना काय खाऊ घालावे याचे उत्तर परीक्षानळीत शोधत असताना थोरलीने मध्य प्रांतातल्या गोंडांमध्ये प्रत्यक्ष हिंडून त्यांच्या कथा, गाणी, चालीरीती गोळा केल्या होत्या. त्याच भटकंतीत रानटी सुरणाची बाधा होऊन त्यांना पुढे दीर्घकाळ अंथरूण धरावे लागले. अन्नातले रसायन बहिणीच्याच अंगावर उलटले होते. दुर्गाबाईंचे नाव पुढे १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनाने आणि आणीबाणीला केलेल्या विरोधाने घरोघर पोचले. कमलाबाईंना असे व्यासपीठ मिळाले नाही, आणि त्यांनी ते मागितल्याचेही दिसत नाही. मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपदसुद्धा त्यांच्या वाट्याला हक्काच्या वेळी आले नाही. काही वर्षे उशिरा आले. बंगळूरच्या दाराशी भेटलेली अडचण तिथेही वेगळे कपडे घालून उभी होती, असे म्हणायला हरकत नाही.

निवृत्तीच्या आधीपासूनच त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले होते. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ही ग्राहक संस्था काढली, तिच्या संस्थापकांत कमलाबाई होत्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष झाल्या. दुधात पिठूळ, तूरडाळीत लाखेची डाळ, हळदीत न खाण्याचा पिवळा रंग अशी भेसळ तेव्हाही होत होती. संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकात त्यांनी ग्राहकांसाठी लेख लिहिले. मराठीत ‘आहार-गाथा’ हे पुस्तकही लिहिले. केंब्रिजची डॉक्टर आणि भाजी घेऊन घरी चाललेली गृहिणी या दोघींत त्यांनी अंतर ठेवले नाही. घरी करून पाहण्यासारखी एक चाचणी इथेच सांगून ठेवतो, मुलांना आवडेल. थोडे दूध उकळून गार करावे आणि त्यात औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचे एक-दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर दुधात स्टार्च मिसळला आहे. तपासलेले दूध मात्र ओतून द्यावे, चहाला वापरू नये!

आम्ही हे लिहीत असताना मंडळातल्या काही घरांत बारावीनंतरच्या बोलण्यांना सुरुवात झाली आहे. मुलीला हैदराबादला वसतिगृहात ठेवायचे की आदिलाबादलाच राहू द्यायचे, विज्ञानच हवे का, रात्रीच्या प्रयोगशाळेचे काय, अशी ती बोलणी. आईवडिलांच्या काळजीला आम्ही नावे ठेवत नाही. नारायणराव भागवतांनाही काळजी वाटलीच असेल. तरी मुलगी बंगळूरला निघाली तेव्हा त्यांनी तिला अडवले नाही.

कमलाबाईंची दखल देशाच्या राजधानीत घेतली गेली ती अगदी उतारवयात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तेव्हाच्या महासंचालक डॉ. सत्यवती यांना या बाईंविषयी कळले तेव्हा त्या थक्क झाल्या आणि त्यांनी कमलाबाईंना सत्कारासाठी दिल्लीला बोलावून घेतले. १९९८ साल होते, कमलाबाईंनी ऐंशी कधीच ओलांडली होती. परिषदेच्या सभागृहात शास्त्रज्ञ जमले, सत्कार झाला. त्याच समारंभात कमलाबाई कोसळल्या, आणि थोड्याच दिवसांत गेल्या.